गाणी वेचणारे शार्पसाहेब

रीडिंगला येऊन आम्हाला आता बरीच वर्षं झाली. पण थेम्सच्या पलीकडे, कॅव्हरशॅममधल्या एका चर्चच्या हॉलमध्ये दर पंधरा दिवसांनी काही मंडळी मांडीवर लांबट लाकडी पेट्या घेऊन वाजवत बसतात, हे मला शेजारच्या बाईंनी सांगेपर्यंत ठाऊक नव्हतं. मुलं युनिव्हर्सिटीत गेली, घर सुनं सुनं वाटायला लागलं, तेव्हा त्या म्हणाल्या की चल एकदा, वाद्य नाही आवडलं तर चहा-बिस्किटं तरी मिळतील. गेले, आणि अडकले ती अडकलेच!

या वाद्याचं नाव माउंटन डल्सिमर. डल्सिमर म्हटलं की काही जणांना हातोड्यांनी वाजवायचं, आपल्या संतूरच्या नात्यातलं वाद्य आठवेल. हे ते नव्हे. हे दीड-दोन हात लांब, कमरेशी बारीक असं वाद्य मांडीवर आडवं ठेवायचं. तीन किंवा चार तारा. एका तारेवर डाव्या हाताने पडदे दाबून चाल वाजवायची आणि बाकीच्या तारा नुसत्या गुंजत ठेवायच्या, अगदी तंबोऱ्यासारख्या. गणपतीच्या मिरवणुकीत आपण ज्याला बेंजो म्हणतो ना, त्या बुलबुलतरंगाची ही लांबची मावसबहीण म्हणा हवं तर. गंमत म्हणजे यावर सगळे स्वर नसतातच. मोकळ्या तारेपासून एकेक पडदा चढत गेलं की सरळ खमाज थाट निघतो, कोमल निषादासकट. तिसऱ्या पडद्याला सा मानलं तर बिलावल, पहिल्याला मानलं तर आसावरी. लहानपणी गाण्याच्या क्लासात मूर्च्छना म्हणजे काय हे मला कधी कळलं नव्हतं. ते कॅव्हरशॅमच्या हॉलमध्ये चहा पिता पिता कळलं!

मागच्या वर्षी आई सहा महिने आमच्याकडे होती. एकटी घरी कशी ठेवायची म्हणून एका संध्याकाळी तिलाही घेऊन गेले. सगळ्यांनी तारा जुळवल्या, सा-प-सा असा घुमारा सुरू झाला, आणि कोपऱ्यात शाल पांघरून बसलेल्या आईने एकदम गुणगुणायला सुरुवात केली. माझ्या आजीच्या, म्हणजे तिच्या आईच्या, जात्यावरच्या ओव्या. वाईजवळच्या खेड्यात पहाटे दळताना आजी म्हणायची त्या. हॉल चिडीचूप. दोन-तीन ओव्या झाल्या आणि पुढची ओळ आईला आठवेना. तेवढ्यात आमच्यातल्या एका वयस्कर गृहस्थांनी खिशातून कागद काढून चाल लिहूनही घेतली होती. पाच मिनिटांत! ते म्हणाले, ही शार्पसाहेबांची सवय, गाणं कानावर पडलं की आधी लिहायचं. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. पन्नाशी उलटली माझी, आणि आजीची एक ओवी मी कधी कागदावर उतरवली नव्हती.

तर मंडळी, त्या रात्रीपासून मी या शार्पसाहेबांच्या मागे लागले. त्यांची गोष्ट तुम्हालाही सांगावीशी वाटली, म्हणून हा लेख.

सेसिल शार्प यांचा जन्म लंडनचा, २२ नोव्हेंबर १८५९चा. ख्रिस्ती पंचांगात हा दिवस संगीताची संत मानल्या गेलेल्या सेसिलियाचा, त्यावरूनच मुलाचं नाव सेसिल. वडील छपराच्या पाटीदगडाचे व्यापारी होते, त्यांनाही संगीताची आवड. पण नाव संगीताचं ठेवलं म्हणून मुलगा लगेच संगीतात गेला असं काही झालं नाही. केंब्रिजला क्लेअर कॉलेजात गणित शिकले आणि १८८२ साली, तेविसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, थेट ऑस्ट्रेलियात अॅडलेडला जाऊन पोचले. परदेशात नशीब काढायला निघालेला तरुण! आपल्याला ही गोष्ट समजावून सांगायला नको. बँकेत कारकुनी केली, कायद्याचा थोडा अभ्यास केला, तिथल्या सरन्यायाधीशांच्या हाताखाली काम केलं. १८८९ मध्ये ते सोडून पूर्ण वेळ संगीत धरलं. १८९२ मध्ये इंग्लंडला परतले, पुढच्या वर्षी लग्न केलं, एका शाळेत संगीतशिक्षक झाले आणि नंतर लंडनच्या हॅम्पस्टेडमधल्या संगीत विद्यालयाचे प्राचार्यही. चाळिशीपर्यंत हा माणूस म्हणजे एक बरा संगीतशिक्षक, एवढंच. पुढे होऊन गेलेल्या शेकडो बऱ्या संगीतशिक्षकांसारखे तेही विसरले गेले असते.

पण १८९९च्या नाताळात ते सासुरवाडीला गेले होते. सासुरवाडी ऑक्सफर्डजवळ हेडिंग्टनला, म्हणजे आपल्याकडून गाडीने तासाभराच्या आत. नाताळच्या दुसऱ्या दिवशी, २६ डिसेंबरला, खिडकीतून पाहतात तर बाहेर पांढरे कपडे घातलेले, पायांना घुंगरं बांधलेले पुरुष रांगेत नाचताहेत. मॉरिस नाच. खरं म्हणजे हा नाच उन्हाळ्यातला. पण कडाक्याच्या थंडीने बांधकामं बंद पडली होती, हातावर पोट असलेली ही माणसं चार पैसे मिळावेत म्हणून अवेळी नाचत होती. कॉन्सर्टिना वाजवणारा विल्यम किम्बर हा व्यवसायाने गवंडी. शार्पनी दुसऱ्या दिवशी त्याला बोलावून घेतलं आणि त्याच्याकडून पाच चाली उतरवून घेतल्या.

त्यानंतर १९०३ मध्ये ते सॉमरसेटमधल्या हॅम्ब्रिज नावाच्या खेड्यात आपल्या मित्राकडे राहायला गेले. मित्र चार्ल्स मार्सन अॅडलेडच्या दिवसांतला, आता तिथला पाद्री. बागेत माळी गवत कापता कापता गात होता. माळ्याचं नाव जॉन इंग्लंड. (नाव मी बनवलेलं नाही हो, खरंच तसंच होतं!) शार्पनी ते गाणं तिथल्या तिथे टिपून घेतलं, आणि मग जी चटक लागली ती मरेपर्यंत सुटली नाही. सॉमरसेटच्या वाड्यावस्त्यांवरून ते सायकलने फिरू लागले. शेतमजूर, गुराखी, दारूच्या गुत्त्यात बसलेले म्हातारे, घरी बसून शिवणकाम करणाऱ्या बायका, सगळ्यांपुढे वही उघडून बसू लागले. हॅम्ब्रिजच्याच लुई हूपर आणि लुसी व्हाइट या बहिणींकडून तर गाण्यांची खाणच हाती लागली. एकट्या सॉमरसेटमधून त्यांनी दीड हजारांवर गाणी गोळा केली. प्रत्येक गाण्याखाली गाणाऱ्याचं नाव, गाव आणि तारीख. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. मोठ्या लोकांच्या नोंदी कुणीही ठेवतं. मजुराच्या नावापुढे तारीख कोण घालतं?

हे वाचताना मला सारखी आठवण येत होती आपल्या विष्णु नारायण भातखंड्यांची. शार्पपेक्षा जेमतेम नऊ महिन्यांनी लहान, जन्म १० ऑगस्ट १८६०, मुंबईत वाळकेश्वरचा. तेही कायदा शिकलेले, तेही चाळिशीनंतर सगळं सोडून गाण्यांच्या मागे देशभर फिरलेले. शार्प सॉमरसेटच्या गल्ल्यांतून हिंडत होते त्याच सुमाराला, १९०४ साली, भातखंडे दक्षिण हिंदुस्थानच्या दौऱ्यावर होते. एक शेतकऱ्यांकडून गाणी मागत होता, दुसरा उस्तादांकडून बंदिशी. दोघांनाही एकच धास्ती, की या पिढीबरोबर हे जाईल. आणि दोघांवर आक्षेपही सारखाच, की गोळा केलेलं यांनी आपल्या चौकटीत बसवलं. भातखंड्यांची चौकट दहा थाटांची. शार्पची कोणती, ते पुढे येईलच.

१९०७ मध्ये त्यांनी इंग्लिश लोकगीतांवर पुस्तक लिहिलं. जुन्या चाली आजच्या मेजर-मायनरमध्ये बसत नाहीत, त्या जुन्या स्वरसप्तकांत आहेत, हे त्यांनी सोदाहरण मांडलं. म्हणजे आपल्या भाषेत, इंग्लंडचे शेतमजूर काफी आणि खमाज गात होते! शाळाशाळांतून ही गाणी मुलांना शिकवावीत म्हणून त्यांनी जिवाचं रान केलं. पण शाळेसाठी छापायचं म्हणजे काय, तर गाण्यांतले चावट, शृंगारिक शब्द गाळायचे, बदलायचे. वहीत मूळ शब्द ठेवले, पुस्तकात मात्र सोवळं नेसवलं. नाचांच्या बाबतीत मेरी नील या बाईंशी त्यांचं वाजलं. लंडनच्या कामकरी मुलींना मेरी नीलनी मॉरिस नाच शिकवला होता, आणि मुली आनंदाने नाचताहेत ना, मग झालं, असं त्यांचं म्हणणं. शार्पना प्रत्येक पाऊल शुद्ध हवं. १९११ मध्ये शार्पनी आपली वेगळी संस्था काढली आणि मेरी नीलचं नाव पुढे कितीतरी वर्षं मागे पडलं. साहेब हट्टी होते, यात शंका नाही.

मग आलं पहिलं महायुद्ध. इंग्लंडमधलं काम थंडावलं आणि पोटापाण्यासाठी शार्प अमेरिकेत व्याख्यानं, नाचाचे वर्ग करू लागले. १९१५ मध्ये तिथे आजारी पडलेले असताना ऑलिव्ह डेम कॅम्पबेल नावाच्या बाई त्यांना भेटायला आल्या. नवऱ्याबरोबर अॅपलेशियन डोंगरांतून फिरताना त्यांनी स्वतः टिपून घेतलेल्या गाण्यांचं बाड त्यांच्याजवळ होतं. शार्पनी ते उघडलं आणि आजार विसरले. इंग्लंडमध्ये जी गाणी फक्त म्हाताऱ्यांच्या तोंडी उरली होती, ती तिकडच्या डोंगरांत तरुण मुलंसुद्धा गात होती! शे-दीडशे वर्षांपूर्वी ब्रिटनमधून तिकडे गेलेल्या कुटुंबांनी गाठोड्यात बांधून नेलेली गाणी. इथे विरली, तिथे टिकली.

आपण परदेशी मंडळी हे वाचून थोडे सुखावतो, नाही का? आमच्याकडेच खरी दिवाळी होते, पुण्यात काय राहिलंय, असं आपल्यातलं कोण म्हणत नाही?

१९१६ ते १९१८ या तीन वर्षांत शार्प मिळून ४६ आठवडे त्या डोंगरांत फिरले. बरोबर मॉड कार्पेलीस, त्यांची तरुण सहकारी. चाल शार्प लिहायचे, शब्द मॉड लघुलिपीत उतरवायची. वय छप्पन-सत्तावन्न, दम्याचा विकार, वरचेवर ताप. रस्ते धड नाहीत, ओढ्यांतून दगडांवर पाय ठेवत मैलोन् मैल चालायचं, रात्री मिळेल तिथे पथारी टाकायची. पहिल्याच उन्हाळ्यात बातम्या आल्या की त्यांच्या नाचाच्या चमूतले चार तरुण युद्धात पडले. त्यांत संगीतकार जॉर्ज बटरवर्थही होता. ज्यांच्या हाती हे सगळं सोपवायचं तीच मुलं गेली. शार्पनी वही मिटली नाही, उलट चालणं वाढवलं. नॉर्थ कॅरोलायनातल्या हॉट स्प्रिंग्ज गावी जेन हिक्स जेंट्री नावाच्या एका बाईने तर साठाहून जास्त गाणी दिली. घरकाम करता करता पोरांना ऐकवायची ती गाणी. शेवटी हिशेब झाला तो असा: २८१ गाणारे, १,६१२ चाली.

आणि आमचं डल्सिमर? ते याच डोंगरांतलं वाद्य. पण गंमत बघा, १९१७ मध्ये कॅम्पबेलबाईंच्या जोडीने काढलेल्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत शार्प त्याचं वर्णन करतात ते बाईंच्या सांगण्यावरून. वर हेही नोंदवतात की तारा छेडायच्या असल्यामुळे याला डल्सिमर म्हणणंच चूक आहे. त्यांचं सगळं लक्ष गळ्यावर होतं. वाद्यांकडे, भजनांकडे त्यांनी फारसं पाहिलं नाही. डोंगरात जे काही आहे ते इंग्लंडहून आलेलं, ही त्यांची चौकट. हे डल्सिमर मात्र त्या चौकटीत बसत नव्हतं, कारण त्याचं मूळ जाणकार जर्मन वसाहतकऱ्यांनी आणलेल्या लांबट तंतुवाद्यात शोधतात. बँजो तर आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांनी दिलेलं वाद्य. त्या माणसांची गाणी शार्पच्या वह्यांत जवळजवळ नाहीतच. त्यांच्याबद्दल शार्पच्या खासगी लिखाणात तुच्छतेचे शब्द आहेत, हेही आता सर्वांना माहीत आहे. १९१८ मध्ये व्हर्जिनियात एका वृद्ध कृष्णवर्णी बाईंकडून, ज्या तरुणपणी गुलाम होत्या, त्यांनी एक जुनं इंग्लिश गाणं टिपून घेतलं. त्या बाईंना आणखी काय काय येत होतं, ते बहुधा विचारायचं राहूनच गेलं.

पण शार्पनी न पाहिलेलं वाद्यही अखेर त्यांच्याच वाटेने इंग्लंडला आलं. १९१७ मध्ये केंटकीत हिंडमनच्या शाळेत त्यांनी ज्यांची गाणी टिपली त्यांत यूना रिची नावाची एक मुलगी होती. १९२२ मध्ये तिच्या घरी चौदावं, शेंडेफळ जन्मलं, ते जीन रिची. वडिलांच्या डल्सिमरला हात लावायची घरात बंदी, आणि पोरगी चार-पाच वर्षांची असताना चोरून वाजवायची! पुढे ती न्यूयॉर्कला गेली, मांडीवर डल्सिमर घेऊन घरची गाणी गाऊ लागली आणि हे वाद्य डोंगराबाहेर जगाला माहीत झालं. १९५२ मध्ये फुलब्राइट शिष्यवृत्ती घेऊन ती ब्रिटन-आयर्लंडला आली, आपल्या घरच्या गाण्यांची मुळं शोधायला. १९६३ मध्ये तिने डल्सिमर शिकवणारं पुस्तक लिहिलं. २०१५ साली ती गेली. आमच्या हॉलमधल्या प्रत्येकाच्या शिकण्याचा धागा कुठून तरी तिच्यापाशी जाऊन पोचतोच.

शार्पना मात्र यातलं काही पाहायला मिळालं नाही. १९२३ मध्ये केंब्रिजने त्यांना संगीतातली मानद पदवी दिली आणि २३ जून १९२४ रोजी हॅम्पस्टेडला ते वारले. आयुष्यभरात जवळजवळ पाच हजार चाली गोळा करून. त्यांच्या नावाचं घर, सेसिल शार्प हाऊस, लंडनला रीजंट्स पार्कजवळ १९३० मध्ये उभं राहिलं. डोंगरातल्या गाण्यांचे दोन मोठे खंड मॉडने १९३२ मध्ये काढले. आई असतानाच आम्ही एका शनिवारी पॅडिंग्टनची गाडी पकडून ते घर बघून आलो. आई म्हणाली, माळ्याचं गाणं लिहिलं म्हणून एवढी इमारत!

आता माझ्या वहीबद्दल. त्या संध्याकाळनंतर मी एक जाड वही आणली आणि आईला समोर बसवलं. रोज दुपारी एक-दोन ओव्या निघायच्या. कधी कणीक मळताना, कधी बसमध्ये. चाली मोबाइलवर घेतल्या, शब्द हाताने लिहिले. राम-सीतेच्या, भावाच्या, पंढरीच्या ओव्या भराभर झाल्या. मग एका दुपारी आईने वेगळ्याच म्हटल्या. सासूने उपाशी ठेवल्याच्या, तान्ह्या लेकराला कडेवर घेऊन विहिरीशी रडल्याच्या. ती सासू म्हणजे आईची आजी. मामाकडे तिचा हार घातलेला फोटो आहे, आम्ही सगळे दर दिवाळीला त्याच्या पाया पडत आलोय.

मी पेन खाली ठेवलं. पुढे मुलं वाचतील, मामेभावंडं वाचतील, कशाला उगाच. आई गप्प झाली. रात्री झोप येईना. शार्पनी शाळेसाठी गाळलेले शब्द वाचून मी त्यांना किती नावं ठेवली होती! आणि त्यांनी निदान वहीत तरी खरं लिहिलं होतं. मी तर वहीतच गाळायला निघाले होते. सकाळी चहाच्या वेळी आईला म्हटलं, त्या कालच्या परत सांग. ती म्हणाली, अगं, तिला बोलायला दुसरी जागाच नव्हती, जात्याशीच बोलायची. मी सगळ्या लिहिल्या. खाली आजीचं नाव, गावाचं नाव, आईचं नाव आणि तारीख.

आपल्याकडे हे काम कुणी केलंच नाही असं मात्र समजू नका. साने गुरुजींनी बायकांच्या ओव्या जमवून पुस्तक केलं. सरोजिनी बाबरांनी तर आयुष्य घातलं त्यात. पुण्यात गी पॉइटविन आणि हेमा राईरकर यांनी गावोगावच्या बायकांकडून लाखावर ओव्या जमवल्या. पण त्या लाखांत माझ्या आजीच्या नाहीत, आणि तुमच्याही आजीच्या असतील याची खात्री नाही.

आपल्या रीडिंगच्या पडक्या अॅबीत भिंतीवर एक दगडी पाटी आहे, कधी मुलांना घेऊन गेलात तर बघा. तेराव्या शतकातल्या एका इंग्लिश गाण्याची, स्वरांसकट. उन्हाळा आला, कोकिळ गा, अशा अर्थाचं साधं गाणं. गाणाऱ्यांची नावं गेली, अॅबी पडली, गाणं तेवढं उरलं, कारण कुणीतरी ते लिहून ठेवलं.

आई डिसेंबरात परत गेली. वहीत त्रेचाळीस ओव्या झाल्यात, तिसऱ्या ओवीतली ती विसरलेली ओळ अजून सापडलेली नाही. दर रविवारी फोनवर मी आठवण करते आणि ती म्हणते, आठवली की सांगते. या दिवाळीत फराळ झाल्यावर तुमच्याही घरातल्या मोठ्या माणसाला एकदा विचारून बघा. आणि विचाराल तेव्हा वही जवळ ठेवा.